दम्याचा मार्कर तुमच्या जुन्या सीबीसीतच आहे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या आरोग्य पुरवणीत दम्यावर लेख आला होता, रक्तातल्या इन्फ्लमेशन मार्करवरून, म्हणजे दाह दाखवणाऱ्या घटकांवरून, दम्याची तीव्रता कळते असा त्याचा एकूण सूर. लेख तसा वाईट नव्हता. पण त्याच्या खालीच भलीमोठी जाहिरात, ॲलर्जी पॅनेल, आयजीई (ॲलर्जीत वाढणारं प्रथिन), सीआरपी (दाहात वाढणारं प्रथिन) आणि अजून काय काय मिळून एक पॅकेज, घरी येऊन सॅम्पल नेणार वगैरे, आणि मग लोक ते कात्रण घेऊन आमच्याकडे यायला लागले, की हे सगळं करा म्हणून. मी इचलकरंजीत पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. डॉक्टर नाही, त्यामुळे कुणी कुठलं औषध घ्यावं यात मी पडत नाही, पण रिपोर्टवरचा आकडा कसा तयार होतो, कधी खरं बोलतो आणि कधी चक्क फसवतो हे रोज बघतो, म्हणून लिहितोय. पत्र लांबलंय, कापायचं तर कापा, फक्त स्टेरॉइडचा भाग तेवढा ठेवा.

दम्यासाठी रक्तातला आज सगळ्यात कामाचा मार्कर म्हणजे इओसिनोफिल. आपल्याकडे जुनी माणसं "इस्नोफिलिया झालाय" म्हणतात ना, तेच. पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार आहे हा, पॉल एर्लिख नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८७९ मध्ये इओसिन नावाचा लाल रंग वापरून ओळखला, आणि गंमत म्हणजे आम्ही आजही स्लाइडवर जो लीशमन स्टेन टाकतो त्यात तेच इओसिन असतं. मायक्रोस्कोपखाली ही पेशी चुकत नाही, चष्म्याच्या दोन काचांसारखे न्यूक्लियसचे दोन भाग आणि बाकी सगळी पेशी नारिंगी-लाल दाण्यांनी गच्च भरलेली. हे दाणे श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरावर फुटले की तिथे सूज येते, चिकट कफ होतो, नळी आकसते. सगळ्यांचा दमा असा नसतो पण बऱ्याच जणांचा असतो, आणि ज्यांचा असतो त्यांच्या रक्तात ही पेशी बहुधा वाढलेली दिसते. यासाठी वेगळं पॅकेज लागत नाही. दोन-तीनशे रुपयांच्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशी मोजायच्या साध्या तपासणीत, ती असतेच. तुमच्या घरातल्या दमेकऱ्याचे गेल्या काही वर्षांतले सीबीसीचे रिपोर्ट कपाटात, गादीखाली, नाहीतर गॅस बुकाच्या प्लास्टिकच्या पिशवीत पडलेले असतील, ते आधी काढा.

आता त्यात बघायचं काय. बहुतेक रिपोर्टवर इओसिनोफिल टक्क्यात लिहिलेलं असतं आणि शेजारी नॉर्मल रेंज १ ते ६ अशी काहीतरी. लोक टक्का बघतात, रेंजमध्ये आहे म्हणून घडी घालून खिशात ठेवतात. पण दम्याच्या बाबतीत जगभर जे आकडे वापरतात ते टक्क्यात नाहीत, ते एका मायक्रोलिटर रक्तात प्रत्यक्ष किती पेशी आहेत त्याचे आहेत, त्याला ॲब्सोल्युट इओसिनोफिल काउंट म्हणतात, आम्ही नुसतं एईसी म्हणतो. हिशेब सोपा आहे, एकूण पांढऱ्या पेशी म्हणजे टीएलसी गुणिले टक्का. टीएलसी ५००० आणि इओसिनोफिल ४ टक्के म्हणजे २००. तोच टक्का, पण टीएलसी ११,००० असेल तर ४४०. दोन्ही रिपोर्टवर "४%, नॉर्मल" असंच छापलेलं, पण दम्याच्या डॉक्टरला दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक दिसेल, कारण 'जीना' म्हणून दम्याची जी जागतिक गाइडलाइन आहे तिच्यात तीव्र दमा असलेल्याचा काउंट १५० किंवा वर असेल तर दाह इओसिनोफिलच्या जातीचा धरायला सांगितलंय, ३०० च्या वर असेल तर नव्या इंजेक्शनांचा उपयोग व्हायची शक्यता जास्त, आणि ब्रिटनमध्ये सव्वा लाखाहून जास्त रुग्णांच्या नोंदी तपासून २०१५ मध्ये जो अभ्यास आला त्यात ४०० च्या वर काउंट असलेल्यांना पुढच्या वर्षभरात मोठे अटॅक जास्त आले होते. म्हणजे लॅबच्या रेंजमध्ये बसणारा आकडासुद्धा दमेकऱ्यासाठी बोलका असतो. इतकं असून एईसी वेगळा छापायची पद्धत अजून सगळीकडे नाही, डॉक्टरने लिहून दिला तरच, आणि कुठे कुठे तर त्याचे वेगळे पैसे लावतात, जो खरं तर नुसता गुणाकार आहे.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, आमच्यातलेच काही लोक चिडतील. छोट्या गावांत अजून बऱ्याच लॅबमध्ये थ्री-पार्ट मशीन आहे. हे मशीन पांढऱ्या पेशींचे तीनच गठ्ठे करतं, त्यात इओसिनोफिल वेगळा निघतच नाही, मोनोसाइट वगैरे दुसऱ्या पांढऱ्या पेशींबरोबर मधल्या गठ्ठ्यात जातो. मग टेक्निशियनने स्लाइड करून, रंगवून, मायक्रोस्कोपखाली १०० पेशी मोजायच्या आणि त्यात किती इओसिनोफिल ते लिहायचं. प्रामाणिकपणे मोजलं तरी १०० ही संख्या फार लहान आहे. १०० पेशींत ४ सापडले तर खरा टक्का १ पासून १० पर्यंत कुठेही असू शकतो, हे नुसतं संख्याशास्त्र झालं, टेक्निशियन कितीही हुशार असो. टीएलसी ८००० धरला तर एईसी ८० पण असू शकतो आणि ८०० पण! आणि सकाळी पन्नास सॅम्पल समोर असताना प्रत्येक स्लाइडवर १०० पेशी खरंच मोजल्या जातात का, यावर मी इथे काही लिहीत नाही. फाइव्ह-पार्ट मशीन हजारो पेशी मोजतं, तिथला आकडा बराच भरवशाचा. म्हणून दम्यासाठी काउंट बघायचा असेल तर लॅबला सरळ विचारा, मशीन फाइव्ह-पार्ट आहे का. विचारायला लाजू नका, मोबाइल घेताना किती प्रश्न विचारतो आपण.

आकडा बरोबर आला तरी तो हलता असतो. सकाळी शरीरातलं कॉर्टिसोल जास्त असतं म्हणून इओसिनोफिल कमी, रात्री उलटं. एका दिवसात सकाळ-संध्याकाळ दोनदा रक्त दिलं तर दोन वेगळे आकडे येतील आणि माणूस म्हणणार लॅबवाल्याने घोळ घातला. त्यामुळे एका रिपोर्टवर जाऊ नये, शक्यतो एकाच वेळेला, एकाच लॅबला केलेले दोन-तीन रिपोर्ट शेजारी ठेवून बघावं.

आता स्टेरॉइड. साधी प्रेडनिसोलोनची गोळी किंवा डेक्साचं इंजेक्शन घेतलं की काही तासांत रक्तातले इओसिनोफिल खाली येतात, कधी कधी शून्यावर. आमच्याकडे सायझिंगमध्ये (सुताला खळ लावायच्या कारखान्यात) काम करणारे एक जण आले होते, रात्रभर धाप, सकाळी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात इंजेक्शन घेऊन, तिथून पांढऱ्या बारक्या गोळ्यांची पुडी घेऊन, तिसऱ्या दिवशी बरं वाटल्यावर कुणीतरी सांगितलं म्हणून रक्त तपासायला. रिपोर्टमध्ये इओसिनोफिल शून्य. मला म्हणाले, "बघा, इस्नोफिलिया गेला, आता पंप बंद केला तरी चालेल ना?" मी म्हटलं पुडी दाखवा. खिशातून कागदाची चुरगळलेली पुडी निघाली, त्यावर औषधाचं नाव नाही, कंपनी नाही, काही नाही. ते शून्य त्या गोळ्यांचं होतं, दमा होता तिथेच होता. पंप बंद करू नका, आधी छातीच्या डॉक्टरांना गाठा, एवढं सांगितलं आणि रिपोर्टवर "स्टेरॉइड चालू असण्याची शक्यता" असं पेनाने लिहून दिलं. असं लिहायची आमच्यात पद्धत नाही, पण माझ्या मते असायला पाहिजे. मागच्या काही दिवसांत गोळी, इंजेक्शन, पुडी काही घेतलंय का हा प्रश्न फॉर्मवर छापलेला पाहिजे. गावोगावी दम्यावर पुड्या, भुकट्या, काढे मिळतात, कोजागिरीला तर दम्याच्या औषधाला रांगा लागतात, सगळ्यांतच भेसळ असते असं मी म्हणत नाही, पण काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं हे काही गुपित नाही, आणि मग "काउंटसुद्धा उतरला" हे त्या वैद्याचं सर्टिफिकेट होऊन बसतं.

आणि उलटंही होतं, काउंट वाढलाय पण दम्यामुळे नाही. आपल्या देशात याचं पहिलं कारण जंत. पोरांच्या पोटात जंत असले की इओसिनोफिल चढतात, संडासची तपासणी केल्याशिवाय दम्याच्या नावाने बोलू नये. दुसरं फायलेरिया, हत्तीपायाचा रोग, आपल्या पूर्व विदर्भात अजून आहे. त्याच्या परजीवीला शरीर फुफ्फुसात जास्तच जोराने उत्तर देतं तेव्हा रात्रीचा कोरडा खोकला, धाप, छातीत शिट्ट्या, सगळं हुबेहूब दम्यासारखं, आणि काउंट ३००० च्या वर. १९४० मध्ये आंध्रातल्या मदनपल्लीच्या टीबी सॅनेटोरियममधल्या डॉक्टरांनी असे पेशंट पहिल्यांदा नीट नोंदवले होते, टीबी समजून भरती झालेले आणि टीबी नसलेले. त्याला ट्रॉपिकल इओसिनोफिलिया म्हणतात, डीईसी या फायलेरियावरच्या गोळ्यांचा तीन आठवड्यांचा कोर्स असतो त्याला. मात्र त्या काळापासून एक सवय पडून गेली की काउंट जरा चढला, ५०० असो नाहीतर ७००, द्या डीईसी. आमच्या आईच्या पिढीतल्या कितीतरी जणांनी दम्यासाठी हेट्राझानचे, म्हणजे डीईसीचेच, कोर्सवर कोर्स घेतले आणि श्वासातून घ्यायचं औषध कुणी दिलंच नाही. हजारांच्या घरात काउंट आला तर मात्र दुसरी कारणं शोधायलाच लागतात, ते डॉक्टर बघतील.

लेखात आयजीईवर बराच भर होता म्हणून त्याबद्दल. एकूण आयजीई हा दमा वर-खाली होतोय का हे बघायचा मार्कर नाही. ॲलर्जीची प्रकृती आहे का एवढं त्यातून कळतं. एक बाई आपल्या मुलाचा आयजीई दर एक-दोन महिन्यांनी करून घ्यायच्या, १२०० च्या आसपास यायचा, मुलगा खेळतोय, शाळेत जातोय, रात्री झोपतोय, पण आकडा उतरत नाही म्हणून घरात सगळे हवालदिल, दही बंद, केळी बंद, गारेगार तर विषयच नाही. त्या मुलाच्या कोपराच्या खोबणीत इसबाचे चट्टे होते, आयजीई त्याने पण वाढतो. शेवटी त्यांच्या डॉक्टरनेच सांगितलं की आता हे थांबवा. मोठ्या माणसाचा दमा औषधाला दाद देत नाही आणि आयजीई हजारापर्यंत किंवा पलीकडे जातोय तेव्हा मात्र ती टेस्ट खरी महत्त्वाची, कारण फुफ्फुसात ॲस्परजिलस बुरशीची ॲलर्जी, एबीपीए, असू शकते, आपल्या देशात ती बऱ्यापैकी सापडते आणि चंदीगडच्या पीजीआयमधून त्यावर जगात नाव व्हावं असं काम झालंय. आणि आयजीईवरचं ओमालिझुमॅब इंजेक्शन चालू केल्यावर एकूण आयजीई उलट वाढलेला दिसतो, कारण औषधाला चिकटलेला आयजीई रक्तात रेंगाळतो आणि मशीन तोही मोजतं, तेव्हा घाबरून इंजेक्शन बंद करू नये.

आता सीआरपी, कोविडमुळे तो घरोघरी पोचला, भाजीवालासुद्धा "माझा सीआरपी ४० होता" सांगतो. पण तो कुठल्याही दाहात वाढतो, दात दुखला तरी, वजन जास्त असलं तरी थोडा वाढलेलाच असतो, दमेकऱ्याला ताप आहे, न्यूमोनिया आहे का वगैरे बघायला ठीक. दम्याची तीव्रता त्याने मोजणं म्हणजे पैसे पाण्यात. पेरिऑस्टिन नावाचा एक मार्कर मधे फार गाजला होता, मोठ्या आशेने औषधाच्या ट्रायलमध्ये वापरला, पण तो वाढत्या हाडांतूनही येतो, म्हणजे मुलांमध्ये दमा नसला तरी जास्तच. तो आता मागे पडला.

मग रक्त तपासून दम्याची तीव्रता कळते की नाही? माझं उत्तर, कळत नाही, दुसरंच काहीतरी कळतं आणि ते पण कामाचं आहे. दमा सौम्य की तीव्र हे डॉक्टर ठरवतात ते तो आटोक्यात ठेवायला किती औषध लागतंय त्यावरून. आणि आटोक्यात आहे का हे चार प्रश्नांवरून, गेल्या चार आठवड्यांत दिवसा त्रास आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त झाला का, रात्री दम्याने जाग आली का, आरामाचा पंप आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागला का, कामं करताना अडलं का. याला सुई लागत नाही. घरी पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकरीचा जोर मोजायची नळी, असेल तर सकाळ-संध्याकाळ फुंकून वहीत लिहा, ते कुठल्याही पॅकेजपेक्षा जास्त सांगतं. इओसिनोफिलचा काउंट सांगतो तो पुढचा धोका, म्हणजे आज बरं वाटतंय पण काउंट सतत चढा आहे तर अटॅकची शक्यता जास्त, आणि तो सांगतो की कुठल्या जातीचं औषध लागू पडेल. आमच्याकडच्या सूतगिरणीतल्या कामगाराची छाती सुट्टीनंतर सोमवारी कामावर गेलं की आवळते, त्याचा काउंट बहुधा नॉर्मलच येतो, म्हणून त्याला त्रास नाही म्हणायचं का? कापसाच्या धुळीने होतं ते, त्याची जात वेगळी.

जात ओळखणं किती महत्त्वाचं हे मेपोलिझुमॅबच्या कथेतून मला पटलं. हे इओसिनोफिल कमी करणारं औषध. सुरुवातीच्या ट्रायल फसल्या, २००७ ची मोठी ट्रायल पण, कारण दमा आहे एवढंच बघून सगळ्यांना दिलं होतं, इओसिनोफिल उतरले पण पेशंटला फरक नाही, औषध अडगळीत जायच्या बेतात. मग २००९ मध्ये ब्रिटन आणि कॅनडातल्या दोन छोट्या ट्रायलमध्ये फक्त ज्यांच्या कफात इओसिनोफिल वाढलेले होते तेच पेशंट घेतले, आणि अटॅक कमी झाले. औषध तेच होतं! २०१५ ला अमेरिकेत मंजुरी मिळाली. त्याच्याही आधी, २००२ मध्ये, ब्रिटनमधल्या लेस्टरच्या डॉक्टरांनी ७४ पेशंटवर करून बघितलं होतं, अर्ध्यांना नेहमीसारखे उपचार आणि अर्ध्यांना कफातले इओसिनोफिल बघून, तर मोठे अटॅक पहिल्या गटात १०९ आणि दुसऱ्यात ३५. फक्त कफाची ही तपासणी म्हणजे मिठाच्या पाण्याची वाफ देऊन कफ काढायचा, ताजा असतानाच धुऊन, गाळून मोजायचा, मोठ्या हॉस्पिटलांतसुद्धा क्वचित होते, म्हणून तर रक्तातल्या काउंटला एवढं महत्त्व आलं, गरिबाचा पर्याय म्हणा. श्वासातला नायट्रिक ऑक्साइड मोजायचं फीनो मशीन मोठ्या शहरांत मिळतं, काउंट आणि फीनो दोन्ही मिळून जास्त चांगलं चित्र येतं. ब्रिटनने तर नोव्हेंबर २०२४ च्या गाइडलाइनमध्ये मोठ्या माणसांत दम्याचं निदान करायला सुरुवातीलाच इओसिनोफिल काउंट किंवा फीनो करा असं म्हटलंय. हे निदानाबद्दल बरं का, दर महिन्याला काउंट करत बसा असं तिथेही कुणी म्हणत नाही. आणि नवीन इंजेक्शन चालू झाली की काउंटचा अर्थच बदलतो, बेनरालिझुमॅबने तो जवळजवळ शून्य होतो, डुपिलुमॅबने काही जणांत उलट चढतो, तेव्हा त्या पेशंटने रिपोर्ट गूगलवर टाकून अर्थ लावू नये.

हे सगळं कशासाठी सांगतोय तर जगातल्या दम्याच्या पेशंटपैकी साधारण १३ टक्के आपल्या देशात आणि दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून जास्त आपल्याकडे, हा २०१९ चा जागतिक अंदाज आहे. ही माणसं आयजीई केला नाही म्हणून मेली नाहीत. दाह कमी करणारा पंप रोज घेतला नाही, सवय लागेल म्हणून भीती, पाहुण्यांसमोर ओढायची लाज, मुलीच्या लग्नाच्या बोलणीत सांगायचं कसं, आणि नुसत्या निळ्या, म्हणजे आरामाच्या, पंपावर नाहीतर महिन्यातून दवाखान्यातल्या दोन इंजेक्शनांवर दिवस ढकलले. जीनाने २०१९ पासून स्पष्ट सांगितलंय की मोठ्या माणसांनी नुसत्या आरामाच्या पंपावर राहू नये, श्वासातलं स्टेरॉइड त्याबरोबर पाहिजेच. पॅकेजला जाणाऱ्या पैशात हा पंप बरेच महिने येतो.

तर तुमच्याकडे मागणं असं, पुरवणीत लेख आणि त्याच विषयाची जाहिरात एकाखाली एक लावू नका, वाचणाऱ्याला दोन्ही एकच वाटतं. आणि जमलं तर एक छोटी चौकट छापा, टीएलसी गुणिले टक्का भागिले शंभर, जुने रिपोर्ट तारखेने लावा, कुठल्या तारखेला स्टेरॉइड चालू होतं ते बाजूला पेनाने लिहा, आणि ती फाइल घेऊन डॉक्टरकडे जा. माझ्या लॅबवाल्या भावांनाही सांगणं आहे, एईसी मागितला नसला तरी छापून द्या, सॉफ्टवेअरमध्ये एकदा फॉर्म्युला टाकला की झालं, आणि थ्री-पार्ट मशीन असेल तर दमेकऱ्याच्या स्लाइडवर १०० ऐवजी निदान २०० पेशी मोजा, दोन-चार मिनिटं जास्त जातील.

आपला,
एक लॅब टेक्निशियन, इचलकरंजी